खिशातल्या छोट्या पारंपरिक चाकूची ओढ कशाची?

प्रश्न थोडक्यात असा: एका अंगठ्याने उघडणारे आणि उघडल्यावर लॉक होणारे चाकू सहज मिळत असताना काही माणसं अजूनही जुन्या घडणीचा, नखाने उघडायचा, लॉक नसलेला लहानसा चाकू खिशात का ठेवतात? ही निव्वळ जुन्या वस्तूंची हौस आहे, की त्यात खरंच काही आहे? आणि घ्यायचाच झाला तर सुरुवात कशाने करावी? मी अशा चाकूंना धार लावतो, ढिले झालेले दुरुस्त करतो आणि रोज एक खिशात बाळगतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हौस आहे, ती कशाला नाकारायची? पण नुसत्या हौसेने घेतलेला चाकू चार महिन्यांत खणात जाऊन पडतो. खिशात टिकतो तो कापण्यामुळे. जुन्या घडणीच्या छोट्या चाकूचं पातं पातळ असतं आणि पातळ पातं फार सुंदर कापतं. शिंगाची मूठ, पितळ, मिटताना येणारा तो नेमका आवाज, हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. तरी माझ्या लेखी ते या एका गुणाच्या मागून येतं.

चाकू कापतो म्हणजे एका वेळी दोन गोष्टी घडतात. धार पहिली फट पाडते, आणि मग त्या फटीतून अख्खं पातं आत जावं लागतं. धार कितीही तीक्ष्ण असली तरी या दुसऱ्या टप्प्यात पात्याची जाडी आडवी येते. छोट्या पारंपरिक चाकूचं पातं पाठीशी साधारण २ मिलिमीटर जाड असतं, कित्येकदा त्याहूनही कमी, आणि पाठीपासून धारेपर्यंत एका उतारात बारीक होत जातं. दणकट म्हणून विकल्या जाणाऱ्या आधुनिक घडीच्या चाकूचं पातं ३ ते ४ मिलिमीटर जाड असतं आणि त्याचा उतार बहुधा मध्यापासून सुरू होतो. म्हणजे धारेच्या थोडं मागे लगेच पोलादाचा खांदा उभा असतो.

फरक पाहायचा असेल तर दोन्हींना एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावा आणि एक कडक सफरचंद घ्या. जाड पातं बोटाच्या पेराएवढं आत गेलं की फळ पुढे कापलं जात नाही, फुटतं. कट्ट आवाज येतो, फोड तिरकी उडते आणि तिच्या अंगावर खडबडीत उंचवटे दिसतात. पातळ पातं मुकाट खाली उतरतं. फोडीची बाजू सपाट आणि ओलसर चकाकणारी निघते, आणि ती खाली न पडता पात्याला चिकटून राहते. पुठ्ठा, सुतळी, पेन्सिलीचं टोक, पार्सलची चिकटपट्टी, औषधाच्या पाकिटाची कड, शर्टाला लोंबणारा धागा, सगळीकडे हेच. रोजच्या आयुष्यात आपण जे कापतो त्याला बळ लागत नाही, नेमकेपणा लागतो.

जाड पातं वाईट असतं असं मी म्हणत नाही. कशात तरी खुपसून हिसका द्यायचा, झाकण उचकटायचं, लाकडावर ठोकायचं, अशी कामं असतील तर जाडीच हवी. पण शहरात राहणाऱ्या आणि बैठं काम करणाऱ्या माणसाला ती कामं वर्षातून किती वेळा पडतात, हे ज्याने त्याने पाहावं. माझ्या हाताखालून जाणाऱ्या जाड चाकूंपैकी बहुतेकांच्या पात्यावर फक्त पुठ्ठ्याचे ओरखडे असतात.

आता घडणीकडे येऊ, कारण खरा जीव जडतो तो तिथे. या प्रकाराला स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीतून पोलादाची एक पट्टी, म्हणजेच स्प्रिंग, गेलेली असते. ती मध्ये आणि मागच्या टोकाला पिनांनी पक्की केलेली असते, पुढचं टोक मात्र मोकळं असतं. हे मोकळं टोक पात्याच्या बुडख्यावर, म्हणजे मुठीत राहणाऱ्या मागच्या भागावर, सतत दाबून बसतं. बुडख्याला ठरावीक ठिकाणी सपाट कडा घासलेल्या असतात. पातं पूर्ण उघडलं की स्प्रिंग एका कडेवर बसते, पूर्ण मिटलं की दुसऱ्या कडेवर, आणि काही चाकूंत काटकोनात थांबण्यासाठी आणखी एक सपाट कड ठेवलेली असते. बस्स, एवढंच यंत्र. स्क्रू नाही, बेअरिंग नाही, कळ नाही. पातं, स्प्रिंग, बाजूच्या पितळी पट्ट्या, टोकाचे धातूचे बोल्स्टर, मुठीचे दोन तुकडे आणि थोड्या पिना.

एवढ्याशा यंत्रात कारागिराला लपायला जागा नसते. चांगला चाकू ओळखायची एक सोपी खूण सांगतो. चाकू उघडा आणि मुठीच्या पाठीवरून बोटाचं टोक फिरवा. स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एका पातळीत लागल्या पाहिजेत, कुठे खड्डा नको आणि कुठे उंचवटा नको. मग मिटून पुन्हा फिरवा. काटकोनात थांबणारा असेल तर तिथेही पाहा. तिन्ही अवस्थांत स्प्रिंग पातळीत राहिली तर समजावं की बुडखा घासणाऱ्याने प्रत्येक कड पुन्हा पुन्हा तपासून घासली आहे, कारण कुठल्याही एका कडेवर कानशीचा एक हात जास्त चालला तर स्प्रिंग तिथे बसकी पडते. नंतर चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि पट्ट्यांच्या मधून पाहा. उजेडाची रेघ दिसता कामा नये. शेवटी पातं धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचितही खेळ असेल तर नवा चाकू घेऊ नका. जुना असेल तर बोल्स्टरमधली पिन हलक्या हाताने ठोकून तो बहुतेक वेळा घट्ट करता येतो.

पातं शेवटच्या थोड्या अंतरात स्वतःहून ओढलं जाऊन टक्क आवाजाने बसतं. या आवाजाचं वेड असलेली पुष्कळ माणसं मला माहीत आहेत आणि मी त्यांच्यात आहे. मात्र मिटताना पातं तसंच सोडून द्यायची सवय चांगली नाही. काही चाकूंत धारेचा पोट असलेला भाग आतल्या स्प्रिंगवर आपटतो आणि तिथे धारेला बारीक चपटा डाग पडतो. बोटांनी पातं शेवटपर्यंत सोबत न्यावं. आवाज तरीही येतो.

लॉक नाही, मग धोका नाही का, असं बहुतेक जण विचारतात. धोका आहे, आणि तो कुठे आहे ते नेमकं कळतं. धारेवर दाब असेपर्यंत पातं उघडण्याच्या दिशेनेच दाबलं जातं. पाठीवर दाब आला, टोक कशात अडकलं, खुपसलं की ते बोटांवर मिटू शकतं. म्हणून या चाकूने खुपसायचं नाही आणि उचकटायचं नाही. कापण्याची रेषा आपल्या शरीराकडे येऊ द्यायची नाही, दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. या सवयी अंगात मुरायला फार दिवस लागत नाहीत आणि पुढे त्या कुठलाही चाकू वापरताना कामाला येतात. माझा अनुभव असा की लॉकच्या भरवशावर माणसं चाकूने नको ती कामं करतात, आणि हात कापून घेतात ती त्या कामांत. लहान मुलाच्या हाती पहिला चाकू देताना मात्र मी वेगळा सल्ला देतो, तो पुढे येईलच.

घडीचा चाकू किती जुना आहे हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे हाडाची मूठ असलेला, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा घडीचा चाकू सापडला आहे. रोमन काळातलेही अनेक मिळाले आहेत. त्यांत पातं नुसत्या घर्षणावर उभं राहायचं. पाठीतली स्प्रिंग युरोपात सतराव्या शतकात रुळली आणि इंग्लंडमधलं शेफील्ड त्या कामाचं मोठं केंद्र बनलं. जर्मनीत झोलिंगेन आणि फ्रान्समध्ये तिएर ही त्याच तोडीची गावं. लहान पात्याच्या चाकूला तेव्हा एक रोजचं काम होतं. पिसाच्या लेखणीचं टोक लिहिता लिहिता मऊ पडतं आणि चिरतं, ते सारखं छाटावं लागतं, म्हणून लिहिणाऱ्या माणसाजवळ छोटं पातं असायचंच. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातली पोलादी निबं आली, लेखणी छाटायचं काम संपलं, चाकू मात्र खिशातच राहिला. त्याला इतर शंभर कामं आधीच मिळाली होती.

प्रत्येक ठिकाणची परंपरा वेगळ्या दिशेने गेली. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी लाकडाच्या एका गोल मुठीत चीर पाडून त्यात पातं बसवलं. यात स्प्रिंगच नाही, पातं लाकडाच्या घट्टपणावर राहतं. फिरवून पातं अडवणारं धातूचं कडं त्याला १९५५ मध्ये आलं. जपानच्या हिगोनोकामी चाकूत तर कडंही नाही. मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, आणि पात्याच्या मागे निघालेल्या छोट्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, तोच लॉक. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. पुढे स्विस आर्मी नाइफ म्हणून जगभर गेला तो हाच. त्यात डझनभर अवजारं असली तरी आतलं तत्त्व तेच, पाठीतली स्प्रिंग आणि बुडख्याच्या सपाट कडा. शेफील्डमधून निघालेला लांब बोल्स्टरचा बार्लो नावाचा चाकू अमेरिकेत इतका रुजला की तो तिथलाच वाटावा. मला यांत सगळ्यात जास्त आदर ओपिनेलबद्दल वाटतो. इतक्या कमी भागांत इतकं छान कापणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. फक्त पावसाळी हवेत त्याचं लाकूड फुगतं आणि पातं निघता निघत नाही, हे घेण्याआधी माहीत असावं.

पोलादावर लोक तासन्‌तास भांडतात. छोट्या चाकूपुरतं मी थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीचं साधं कार्बन पोलाद, ज्यात कार्बन साधारण पाऊण ते एक टक्का असतो, दगडावर पटकन धार धरतं, आणि तीही फार बारीक. त्याला गंज चढतो, हे खरं. पण वापरात असलेल्या पात्यावर आधी वेगळं काहीतरी घडतं. फळांची आम्लं, कांदा, हाताचा घाम यांनी पात्यावर निळसर करडे ढग उमटतात. ज्या भागाने आपण जास्त कापतो तिथे ते गडद होतात. हा थर लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा असतो, पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि तांबड्या गंजाला थोडाफार आवरतो. तो पॉलिश करून काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. तांबडा, पिठासारखा बोटाला लागणारा गंज दिसला तर मात्र तेल आणि अगदी बारीक स्टील वूल घेऊन त्याच दिवशी काढा, कारण तो पोलादात खड्डे पाडतो.

ज्याला पुसत बसायचं नाही त्याने स्टेनलेस घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. स्वीडनमधून येणारं १२सी२७ हे पोलाद, ज्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम असतं, पातळ पात्याला फार छान बसतं. महागडी, अतिकठीण पावडर पोलादं (धातूच्या पुडीपासून बनवलेली) मी या आकारात सुचवत नाही. ती धार खूप दिवस धरतात, पण बोथट झाली की साध्या दगडावर दमवतात, आणि आपला चाकू आपल्याच हाताने धारेवर आणता येणं हे या प्रकाराचं मोठं सुख आहे.

ते सुख कसं मिळवायचं तेही सांगतो, कारण बहुतेकांचे छोटे चाकू फक्त बोथट झाल्यामुळे खणात गेलेले असतात. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) आसपासचा एक दगड पुरे. दर बाजूला सुमारे १५ अंशांचा कोन हवा. अंश मोजत बसू नका. पातं १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे ४ मिलिमीटर उचलली की कोन आला. पात्याच्या कडेला मार्करने काळी रेघ ओढा आणि दगडावर दोन हात फिरवून पाहा. शाई अगदी टोकाच्या कडेवरून गेली तर कोन बरोबर, वरच्या बाजूने गेली तर पाठ थोडी उचला, आणि सगळीकडून गेली तर पातं आधीच पुरेसं पातळ आहे, तसंच चालू ठेवा. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला कडेवर उलटलेला बारीक काठ बोटाला लागत नाही. धारेपासून बाहेरच्या दिशेने बोट सरकवलं की तो अडतो. बुडखा ते टोक, सगळीकडे लागला पाहिजे. मग बाजू बदला. शेवटी हात हलका करत करत तो काठ काढून टाका आणि चामड्याच्या पट्ट्यावर थोडं ओढा. बुडख्याजवळचा आणि टोकाजवळचा भाग नेहमी राहून जातो, तिथे लक्ष ठेवा. एकदा अशी धार बसली की पुढे कित्येक आठवडे नुसता चामड्याचा पट्टा पुरतो.

चाकू लहान असण्याचा आणखी एक फायदा आहे, तो माणसांच्या नजरेतला. ६-७ सेंटिमीटरचं पातं दोन्ही हातांनी, नखाच्या खाचेत नख घालून, सावकाश उघडलं तर शेजारी बसलेल्या कुणाला दचकायला होत नाही. तेच काम काळं, टोकदार, झटक्यात उघडणारं पातं काढून केलं तर सगळ्यांचे हात थांबतात. कायदाही पुष्कळ ठिकाणी याच फरकावर चालतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टप्रमाणे ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो, आणि लॉक असलेल्याला योग्य कारण दाखवावं लागतं. जर्मनीने एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू बाळगण्यावर २००८ पासून निर्बंध आणले. तुम्ही जिथे राहता आणि जिथे जाता तिथला नियम आधी वाचून घ्या. शाळा, न्यायालय, सरकारी इमारत इथे जाताना चाकू घरी ठेवा. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत नको, चेक-इन सामानात टाका. सुरक्षा तपासणीत काढून घेतलेला चाकू परत मिळेल याची आशा धरू नये.

मुठीच्या बाबतीत एकच गोष्ट ताणून सांगतो. हाड, शिंग, आबनूस, शिसवी, सगळं छान आहे, जे हाताला आवडेल ते घ्या. पण जुने चाकू गोळा करायला लागलात तर सेल्युलॉइडपासून जपा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोत्यासारख्या चमकीच्या, कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या कित्येक मुठी याच्या केल्या गेल्या. सेल्युलॉइड जुनं झालं की विघटन पावतं आणि त्यातून निघणारा आम्लयुक्त वायू स्वतःच्याच पात्यावर, आणि डबा बंद असेल तर शेजारच्या चाकूंवरही, गंज चढवतो. मुठीजवळच्या पात्यावर अचानक गंज दिसला, मुठीला चिरा पडून ती कुरकुरीत झाली, कापरासारखा किंवा आंबूस वास आला, तर तो चाकू बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा आणि हवेशीर जागी ठेवा. हा पदार्थ भसकन पेटतो, म्हणून आगीपासूनही दूर.

देखभाल फारशी नाही. खिशातला कापसासारखा कचरा आतल्या खाचेत साठतो, तो काडीने काढायचा. सांध्यावर खनिज तेलाचा एक थेंब टाकून पातं चार वेळा उघडमीट करायचं आणि पुसून घ्यायचं. स्वयंपाकाचं तेल वापरू नका, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि पातं जड चालायला लागतं.

आता सुरुवात कशाने करावी. एकच पातं असलेला चाकू घ्या, मिटल्यावर ७ ते ९ सेंटिमीटर लांबीचा आणि ६० ग्रॅमच्या आतला. त्यापेक्षा जड झाला की पँटच्या खिशात तो मांडीवर आपटत राहतो आणि आठवड्याभरात घरी राहायला लागतो. दोन-तीन पात्यांचे चाकू देखणे असतात, पण पात्यांची दाटी झाली की ती एकमेकांना घासतात आणि मूठही जाड होते. पहिला चाकू तो नसावा. पात्याचा आकार साधा, पाठ सरळ किंवा किंचित उतरती, टोक मधोमध असलेला भाल्यासारखा किंवा त्याहून थोडा खाली. स्प्रिंग अशी हवी की नख न मोडता उघडेल. खूप कडक स्प्रिंग म्हणजे चांगला चाकू, हा समज चुकीचा आहे. मुलासाठी घेत असाल तर अडवणारं कडं असलेला, गोल टोकाचा ओपिनेल घ्या. तो मुलांसाठी म्हणून वेगळा बनवला जातो, आणि कडं फिरवायची सवय त्याला पहिल्या दिवसापासून लावा.

महिनाभर तो एकच चाकू खिशात ठेवा आणि कात्री शोधायला उठण्याआधी खिशात हात घाला. पातं कुठे जास्त झिजतंय, तुम्ही टोक जास्त वापरता की पोट, मूठ लहान वाटते की मोठी, हे त्या महिन्यात कळतं, आणि दुसरा चाकू घ्यायचा असेल तर तो त्यावरूनच निवडावा.